‘देवाघरी’ म्हणजे कुठे? मुलांची पुस्तकं आणि मृत्यूची गोष्ट

आजचा विषय कळल्यावर एका गृहस्थांनी मला आधीच विचारलं, “सर, हे असलं मुलांच्या माथी कशाला मारायचं?” मी त्यांना म्हटलं, मारावं लागत नाही हो, ते मुलांपाशी आधीच असतं. आजी जाते, शेजारचे काका जातात, पाळलेला पोपट एका सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसतो. मुलाला कळतं. कळत नाही ते एवढंच, की घरातली सगळी मोठी माणसं एकाएकी हळू आवाजात का बोलू लागली.

अवघड विषय पुष्कळ आहेत. आजार आहे, गरिबी आहे, आईवडिलांनी वेगळं होणं आहे. या सगळ्यांवर आता मुलांसाठी पुस्तकं निघतात. मी आज एकाच विषयाला धरून बोलणार आहे, तो म्हणजे मृत्यू. कारण इतिहास सांगायचा तर एक धागा लांबवर नेता आला पाहिजे, आणि हा धागा सगळ्यांत लांब जातो.

आधी आपली भाषा बघा. मराठीत मुलाला आपण काय सांगतो? ‘आजी देवाघरी गेली.’ ‘तारा झाली.’ ‘झोपली.’ आणि लहान मूल गेलं असेल तर ‘देवाला आवडलं म्हणून त्याने नेलं.’ हे शेवटचं वाक्य तर फारच धोक्याचं. ऐकणारं मूल मनात हिशेब करतं : देवाला चांगली मुलं आवडतात, आवडली की तो नेतो, तर मग फार चांगलं असून चालणार नाही! ‘झोपली’ म्हणावं, तर रात्री दिवा मालवायची भीती. आपण सांत्वन करायला जातो आणि नवी भीती हातात देऊन येतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. शब्द सापडत नाहीत, म्हणून उसने घेतो.

आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे कठोपनिषदाकडे वळलो तर रागावू नका. नचिकेता हा तिथे कुमार आहे, पोर आहे. वडील यज्ञात सर्वस्व दान करायला बसलेत आणि देताहेत काय, तर दूध आटलेल्या, मरायला टेकलेल्या गाई. पोराला ते खटकतं. तो विचारतो, बाबा, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. वडील चिडतात आणि म्हणतात, तुला मृत्यूला देतो. म्हणजे बघा, मृत्यूचा शब्द या घरात पहिल्यांदा निघतो तो रागाच्या भरात. बोलणं म्हणून नाहीच.

मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहतो. यम तीन वर देतो. तिसऱ्या वराची चर्चा आपण नेहमी करतो : मेल्यावर माणूस असतो की नसतो, हा प्रश्न. पण मला उतारवयात पहिला वर जास्त मोलाचा वाटायला लागला. पहिल्या वरात हा पोरगा काय मागतो? माझ्या बापाचा राग शांत होऊ दे, मी परत गेलो की त्याने मला ओळखावं आणि माझ्याशी प्रेमानं बोलावं. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला पहिली काळजी बापाची आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे मला ते लागणार आहे.

आणि यम काय करतो? प्रश्न टाळतो. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे विचारू नको. आपण चॉकलेट देतो, मोबाईल देतो. रीत तीच. फरक एवढाच, की पोरगा हटत नाही म्हटल्यावर यम शेवटी बसून बोलतो.

आता युरोपात जाऊ. इंग्रजी बालसाहित्याचा इतिहास सांगणारे एका नावापाशी हमखास थांबतात : जेम्स जेनवे, लंडनचा प्युरिटन धर्मोपदेशक. ‘अ टोकन फॉर चिल्ड्रन’ हे त्याचं पुस्तक दोन भागांत १६७१-७२ मध्ये आलं. आत काय आहे? तेरा मुलांच्या गोष्टी, आणि तेराही मुलं मरतात. पापाचा पश्चात्ताप करून, आईबापांना उपदेश करून, आनंदानं. पिढ्यान्‌पिढ्या ते मुलांच्या हातात दिलं गेलं. पुढे अमेरिकेत कॉटन मॅथरने १७०० साली तिथल्या मुलांच्या अशाच गोष्टी त्याला जोडल्या.

आपल्याला आज हे क्रूर वाटतं. पण १६६५ ची लंडनची प्लेगची साथ नुकतीच होऊन गेली होती. भावंडं मेलेली नाहीत असं घर विरळा. त्या काळी मृत्यूबद्दल मुलांशी बोलत नव्हते असं कुणी म्हणू शकणार नाही, उलट दुसरं काही बोलतच नव्हते की काय असं वाटतं. अडचण वेगळी होती. ते बोलणं एका बाजूनं चालायचं. मुलानं विचारायचं आणि मोठ्यानं अडखळायचं, याला त्यात जागा नव्हती. उत्तर आधीच ठरलेलं. मुलानं फक्त ते नीट पाठ म्हणून मरायचं.

मग हळूहळू काटा दुसरीकडे झुकला. ग्रिम बंधूंचं उदाहरण घ्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत एक भयंकर गोष्ट होती, मुलं खाटीक-खाटीक खेळतात आणि खेळता खेळता खरंच एकाचा जीव जातो. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती गायब झाली. आणि दुसरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती : स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. नंतर ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही पुढे तेच झालं. घरातलीच माणसं घात करू शकतात हे मुलाला कसं सांगायचं? सावत्र म्हणून टाकायचं. बिचाऱ्या सगळ्या सावत्र आयांनी त्याची किंमत दोनशे वर्षं मोजली आहे.

विसाव्या शतकात पश्चिमेत मरण घरातून उठून रुग्णालयात गेलं. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जेफ्री गोरर यानं १९५५ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की त्याच्या आजोबांच्या काळी कामजीवन हा न बोलण्याचा विषय होता, आता मृत्यू तसा झालाय. पूर्वी मुलांना सांगायचे बाळ कोबीच्या गड्ड्यात सापडलं, आता सांगतात आजोबा बागेत फुलं होऊन राहिलेत. झाकपाक तीच, जागा बदलली.

पण याच काळात एक छोटं पुस्तक झालं. मार्गारेट वाइज ब्राउन या अमेरिकन बाईंनी ‘द डेड बर्ड’ ही गोष्ट १९३८ साली एका संग्रहात लिहिली. त्या स्वतः १९५२ मध्ये गेल्या. रेमी चार्लिपच्या चित्रांसह तिचं स्वतंत्र पुस्तक १९५८ ला निघालं. गोष्ट दोन मिनिटांची आहे. मुलांना एक मेलेला पक्षी सापडतो. अजून ऊब आहे, पण छातीत धडधड नाही. हातात असतानाच तो गार आणि ताठ होत जातो. मुलं रानात खड्डा करतात, पानंफुलं घालतात, गाणं म्हणतात, रडतात, दगड ठेवतात. मग रोज तिथे जातात. किती दिवस? विसरेपर्यंत.

हे शेवटचं फार मोठं आहे. जेनवेच्या पुस्तकात विसरणं म्हणजे पाप झालं असतं. इथे विसरणं सहज येतं, आणि लेखिका त्यावर एक शब्दही बोलत नाही. शिवाय बघा, या गोष्टीत एकही मोठा माणूस नाही, ‘देवाघरी’ नाही. मुलांना काही समजावलं जात नाही, त्यांना काही करायला मिळतं. आपल्याकडे दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतात, तेव्हा लहान मुलं किती टक लावून बघतात हे तुम्ही पाहिलं असेल. त्या क्षणी त्यांना कुणी हाकलत नाही. विधी आपल्याकडे भरपूर आहेत. कमी पडतं ते त्यानंतर घरी येऊन बसल्यावरचं बोलणं.

१९५२ साली ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ आलं. कोळीण शार्लट डुकराच्या पिलाचा जीव वाचवते आणि जत्रेच्या ओस पडलेल्या मैदानावर एकटी मरते. लेखक तिच्या एकटेपणावर पांघरूण घालत नाही. तिची पिलं मागे राहतात, पण ती म्हणजे शार्लट नव्हेत, हेही तो लपवत नाही. स्वीडनच्या आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या १९७३ च्या ‘ब्रदर्स लायनहार्ट’ बद्दल तर मोठा वाद झाला. आजारी भाऊ आणि त्याला वाचवताना आधी मेलेला भाऊ मरणापलीकडच्या देशात भेटतात. मुलांना हे मरणाचं आकर्षण लावील, असं मोठे म्हणाले. माझं मत विचाराल तर त्या शेवटाबद्दल मीही पुरता निश्चिंत नाही. पण ते पुस्तक वाचून आईबापांना मुलाशी बोलणं भाग पडत असे, हे खरं.

आणि टीव्हीचा एक दाखला, कारण तो कुटुंबाशी थेट जोडलेला आहे. ‘सेसमी स्ट्रीट’ मध्ये दुकानदार मिस्टर हूपर यांचं काम करणारे विल ली हे नट १९८२ च्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांपुढे सोपे मार्ग होते : दुसरा नट आणायचा, किंवा हूपर निवृत्त होऊन गावी गेले म्हणायचं. त्यांनी तसं केलं नाही. मानसतज्ज्ञांना विचारून, हूपर मेले आहेत आणि ते परत येणार नाहीत, असं सरळ सांगणारा भाग केला. तो दाखवला २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी आईबाप घरी असतात, मुलानं विचारलं तर उत्तर द्यायला कुणीतरी शेजारी असेल. मला यातली दिवसाची निवड फार आवडते.

आता थोडं मागे, आपल्या देशात. रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ १९१२ साली प्रसिद्ध झालं. त्याआधीची दहा वर्षं बघा : १९०२ ला पत्नी गेली, १९०३ ला मुलगी रेणुका, १९०५ ला वडील, १९०७ ला धाकटा मुलगा शमी, जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. आणि मग हे नाटक. अमल नावाचा आजारी मुलगा. वैद्यानं बाहेर जायचं नाही म्हणून खोलीत कोंडलेला. खिडकीतून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुलं वेचणाऱ्या सुधाशी बोलतो. राजाचं पत्र आपल्याला येईल अशी त्याची आशा. शेवटी राजाचा वैद्य येतो आणि सगळी दारं-खिडक्या उघडायला लावतो. अमल झोपी जातो. मेला, असं कुणी म्हणत नाही. सुधा फुलं घेऊन येते आणि त्याला जाग आल्यावर सांगण्यासाठी एक निरोप ठेवते, की ती त्याला विसरलेली नाही.

मघाशी मी ‘झोपली’ या शब्दावर टीका केली, आणि इथे रवींद्रनाथ तेच करताहेत, असं कुणी म्हणेल. म्हणावं. माझं उत्तर असं, की या नाटकात लबाडी करणारा माणूस झोप आणणारा नाही, खिडक्या बंद करणारा आहे. मुलासाठी म्हणून त्याचं जग बंद करणारा. पोथीतले आधार देत देत.

हे नाटक १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सामध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, एका अनाथाश्रमात मुलांनी केलं. आश्रम यानुश कोर्चाक यांचा. ते मुलांचे डॉक्टर आणि मुलांचे लेखक. त्यांच्या ‘किंग मॅट’ या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवातच बाप मेल्यामुळे राजा व्हावं लागलेल्या मुलापासून होते. बाहेर उपासमार, टायफस. रस्त्यावर प्रेतं. त्या मुलांना मृत्यू माहीत नव्हता असं कोण म्हणेल? मग हेच नाटक का? मृत्यूला शांतपणे सामोरं जायला मुलांनी शिकावं म्हणून, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. चारच दिवसांनी, २२ जुलैला, वस्तीतून माणसांना त्रेब्लिंकाच्या छावणीकडे न्यायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलं नेली गेली. कोर्चाक यांना स्वतःला वाचवण्याची संधी होती. ते मुलांबरोबर गेले.

मी या प्रसंगावर वर्गात बोलायचो तेव्हा काही विद्यार्थी म्हणायचे, सर, नाटकानं काय साधलं? मुलं तर मेलीच. हा प्रश्न मला कधी पुरता सोडवता आला नाही. एवढंच दिसतं, की त्या आश्रमात शेवटच्या महिन्यातही एक गोष्ट मुलांसाठी आणि मुलांनी मिळून सांगितली गेली. मोठे एका बाजूला कुजबुजताहेत आणि मुलं दुसऱ्या बाजूला गप्प, असं तिथे नव्हतं.

गप्प मुलांबद्दल आता. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाई रक्ताच्या कर्करोगानं मरणाऱ्या लहान मुलांच्या वॉर्डात राहिल्या. ‘द प्रायव्हेट वर्ल्ड्स ऑफ डाइंग चिल्ड्रन’ हे त्यांचं पुस्तक १९७८ चं. मुलं तीन ते नऊ वर्षांची. बहुतेकांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांना माहीत होतं. औषधांची नावं, कुठलं औषध कधी देतात, दुसऱ्या खाटेवरचा मुलगा घरी गेला की कुठे गेला, यावरून त्यांनी टप्प्याटप्प्यानं ताडलं होतं. आणि ती आईबापांपुढे बोलत नव्हती. का? बोललो तर आई रडते, खोलीबाहेर निघून जाते. आईबापही बोलत नव्हते, मुलाला कळू नये म्हणून. दोघांनाही ठाऊक, दोघंही नाटक करताहेत. आता नचिकेत्याचा पहिला वर आठवा. ही मुलंही बापालाच जपत होती.

मुलांशी तत्त्वज्ञान बोलणारे अमेरिकन तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी या अभ्यासावर लिहिलं आहे. आपण मुलांना लहान समजतो ते आपल्या सोयीसाठी, असा त्यांचा एकूण सूर. मला तो पटतो. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टमधल्या ३७८ मुलांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला, त्यात वयाचे टप्पे आहेत : पाचच्या आत मरण म्हणजे दूर जाणं, पाच ते नऊ या वयात मरण म्हणजे कुणीतरी माणूस, नेणारा, आणि नऊनंतर ते सगळ्यांना येणारं. हे टप्पे नंतरच्या अभ्यासकांना सगळीकडे तसे सापडले नाहीत. पण मरण हा कुणी येणारा पाहुणा, ही कल्पना आपल्याकडच्या यमाला काही अनोळखी नाही.

जर्मनीचे वोल्फ एर्लब्रुख यांचं २००७ चं ‘बदक, मृत्यू आणि ट्यूलिप’ अगदी हेच करतं. बदकाला जाणवतं, कुणीतरी मागे आहे. वळून बघतं तर चौकड्याचा झगा घातलेला मृत्यू. दोघं बोलतात, तळ्यावर जातात. मृत्यूला तिथे थंडी वाजते, तर बदकच त्याला ऊब देतं! मोठ्यांना हे पुस्तक भीतिदायक वाटतं. मी काही घरांतून ते दाखवून पाहिलं, पोरं शांतपणे पानं उलटतात आणि आया मात्र पुस्तक मिटू पाहतात.

एक बाजूची गोष्ट सांगतो. हल्ली ‘बिब्लिओथेरपी’ म्हणजे पुस्तकोपचार असा शब्द चालतो. हा शब्द १९१६ साली सॅम्युअल क्रॉदर्स नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकानं एका मासिकातल्या लेखात वापरला, आणि तो लेख विनोदी होता! रोग्याला पुस्तकं लिहून देणारा एक गमतीचा दवाखाना. आता आपण तो गंभीरपणे घेतला. आजी गेली की अमुक पुस्तक, घटस्फोट झाला की तमुक. दुकानात तशी फडताळं असतात म्हणे. मला याची थोडी धास्ती वाटते. पुस्तक मुलाच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात निघून गेलो, तर ते हत्ती-घोडेच झाले की. पुस्तक मधे ठेवायचं असतं, दोघांच्या. मग बघता येतं पुस्तकाकडे, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि तोंड उघडतं.

मराठीत हे काम कोणत्या पुस्तकानं केलं असेल तर ‘श्यामची आई’नं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिलं. छापून आलं १९३५ ला. आपण त्याला संस्कारांचं पुस्तक म्हणतो, त्यामुळे त्यात काय काय आहे हे विसरतो. कर्ज आहे. सावकाराचा माणूस दारात येऊन आईचा अपमान करतो तो प्रसंग आहे. वडिलांची लाचारी आहे. आईचं आजारपण आहे, आणि शेवटी श्याम घरी पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. गुरुजींची आई १९१७ साली गेली. सोळा वर्षं मनात ठेवून मग सांगितलं. आणि सांगितलं कसं? बेचाळीस रात्री, प्रार्थना झाल्यावर मंडळी भोवती बसलेली, सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो, ऐकणारे थांबतात. धड्यांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच नावं. पुस्तकाच्या रचनेतच एकत्र बसणं आहे. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत ते असंच वाचलं गेलं. वाचणारी आई रडायची आणि मुलं पहिल्यांदा तिला रडताना बघायची. पुढे अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा आला, त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणि रडणं थिएटरात गेलं. ते रडणं फार झालं, भाबडं झालं, अशी टीका झाली. काही अंशी ती खरी आहे. पण गरीब घरातल्या बाईच्या अपमानाबद्दल आणि मरणाबद्दल मुलांसमोर बोलायला एवढ्या घरांना दुसरं कुठलं निमित्त होतं?

आता जे सांगतो ते सांगावं की नाही याचा मी विचार केला. दोन वर्षांपूर्वी माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची, सुट्टीत आमच्याकडे होती. मी तिला रोज एक रात्र वाचून दाखवत होतो. मधेच तिनं विचारलं, “आजोबा, हा श्याम खरा होता ना? मग तो मोठा झाल्यावर कसा मेला?” मी म्हटलं, “आजारी होते.” आणि पुढे वाचू लागलो.

चाळीस वर्षं कठोपनिषद शिकवलेला माणूस मी. त्या रात्री मला झोप नाही. साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ ला उपोषण करणारा, १९४८ ला ‘साधना’ सुरू करणारा माणूस, पन्नास वर्षांचा. आपण हे शाळेत सांगत नाही, घरी सांगत नाही. जयंती करतो, पुण्यतिथीही करतो, आणि मधलं वाक्य गाळतो.

दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, परवा मी तुला नीट सांगितलं नाही. गुरुजींचं मन फार दुखत होतं, बरीच वर्षं. पायाला लागलं की दिसतं, तसं हे दिसत नाही. मनाचा तो आजार इतका वाढला, की त्यांनी स्वतःच आपला जीव संपवला. तेव्हा त्यांना मदत हवी होती, ती पुरेशी मिळाली नाही. मला जमलं ते असं, तुटक. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुस्तकात का नाही लिहिलंय?” मी म्हटलं, पुस्तक आधीचं आहे, १९३३ चं. तिनं बोटांवर वजाबाकी केली आणि म्हणाली, “सतरा वर्षं आधी.” मग विचारलं, “तुमचं मन दुखतं का?” मी म्हटलं, कधी कधी, तुझी आजी गेल्यापासून. “मग सांगत जा,” म्हणाली, आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. त्या दिवशीची रात्र वाचायची राहिली होती. ती वाचली.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या त्या ताईंचा हात मघापासून वर आहे.